दुरुस्तीच्या आधीची प्रत : व्हर्च्युअल मशीनमधील बिघडलेल्या सिस्टिम फाइली

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेल्या दुसऱ्या संगणकात, चालणाऱ्या विंडोजने सिस्टिम फाइल खराब झाल्याचा संदेश दिला, की बहुतेक जण तत्काळ दुरुस्तीच्या आज्ञा चालवू लागतात. त्याआधी मशीन बंद करून त्याची संपूर्ण प्रत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे आणि त्यामागचे कारण या आज्ञा प्रत्यक्षात काय करतात हे पाहिले की स्पष्ट होते.

व्हर्च्युअल मशीनची कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर केली आणि 1999 मध्ये व्हीएमवेअरने ती सोय साध्या पीसीवर आणली. अशा मशीनची हार्ड डिस्क ही मूळ संगणकावरची, म्हणजे होस्टवरची, एक मोठी फाइल असते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या सॉफ्टवेअरमध्ये ती व्हीएचडीएक्स, तर व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके प्रकारची असते. होस्टची वीज अचानक गेली, त्याच्या मेमरीत दोष निर्माण झाला किंवा डिस्क खराब होऊ लागली, तर त्या एका फाइलच्या आतली विंडोज बिघडते.

विंडोजच्या मूळ फाइली तपासण्याचे काम ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा करते. प्रत्येक संरक्षित फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण विंडोजकडे आधीच नोंदलेली असते. प्रत्यक्ष फाइलची खूण तिच्याशी जुळली नाही, तर विनएसएक्सएस या फोल्डरमधील साठ्यातून चांगली प्रत आणून बसवली जाते. अडचण अशी, की विंडोज ज्या फोल्डरमधून या फाइली वापरते, त्या सिस्टिम32 मधील बहुतांश फाइली आणि त्या साठ्यातील फाइली या डिस्कवर वेगवेगळ्या नसतात. एकाच मजकुराला दोन ठिकाणची दोन नावे दिलेली असतात. त्यामुळे डिस्कवरचा मजकूरच खराब झाला, तर साठ्यातली प्रतही त्याच क्षणी खराब होते आणि एसएफसी ‘काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत’ असे सांगून थांबते. म्हणूनच आधी डीआयएसएम या विंडोजच्याच दुरुस्ती साधनाची ‘रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा चालवून साठा दुरुस्त करावा आणि नंतर एसएफसी चालवावी. डीआयएसएम चांगल्या फाइली विंडोज अपडेटकडून आणते. इंटरनेट नसेल, तर त्याच आवृत्तीची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डीव्हीडीची एकसंध प्रत) मशीनच्या आभासी डीव्हीडी ड्राइव्हला जोडून तिचा आधार देता येतो.

या साधनांची मर्यादा 19 जुलै 2024 रोजी जगाने पाहिली. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधील एका सदोष फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. ती फाइल विंडोजची नव्हतीच, त्यामुळे एसएफसीचा तिथे उपयोग नव्हता. क्लाउडमधील अनेक मशीनची डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडावी लागली आणि तिथून सदोष फाइल पुसावी लागली.

दुरुस्ती म्हणजे डिस्कवर नव्याने लिहिणे, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. डिस्क तपासणाऱ्या ‘चेकडिस्क’ या आज्ञेचा हेतू फाइल रचना सुसंगत करणे हा असतो, तुमचा मजकूर वाचवणे हा नव्हे, रचना जुळवण्यासाठी ती तुटलेल्या नोंदी काढूनही टाकते. डिस्कची फाइल दुसऱ्या भौतिक डिस्कवर आधीच उतरवलेली असेल, तर फसलेला प्रयत्न मागे घेता येतो.

ही प्रत म्हणजे स्नॅपशॉट नव्हे. स्नॅपशॉट घेतल्यावर डिस्कची मूळ फाइल गोठवली जाते आणि त्यानंतरचे सर्व बदल एका वेगळ्या फाइलीत साठू लागतात. त्या दुसऱ्या फाइलीत फक्त फरक असतो, त्यामुळे मूळ फाइल गेली की ती निरुपयोगी ठरते. शिवाय दोन्ही सहसा एकाच होस्टवर असतात. काही तासांच्या प्रयोगासाठी स्नॅपशॉट उत्तम आहे, पण एक स्नॅपशॉट 72 तासांहून अधिक काळ ठेवू नये आणि त्याला बॅकअप मानू नये, असे व्हीएमवेअर स्वतःच सांगते.

चालू मशीनचा बॅकअप घ्यायचा असेल, तर आणखी एक दक्षता आवश्यक असते. डेटाबेसचे काही व्यवहार त्या क्षणी मेमरीत अर्धवट असतात. केवळ डिस्कची नक्कल घेतली, तर ती वीज गेल्यानंतरच्या डिस्कसारखी असते. विंडोजमधील व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सेवा प्रोग्रॅमना आपले लेखन पूर्ण करून क्षणभर थांबायला सांगते, म्हणून बॅकअपचे सॉफ्टवेअर तिचा वापर करणारेच निवडावे.

फाइल बिघडल्याचे अनेकदा उशिरा कळते आणि तोवरचे बॅकअपही तोच बिघाड घेऊन साठलेले असतात. त्यामुळे केवळ शेवटची प्रत न ठेवता काही आठवडे मागच्या प्रती जपाव्यात, त्यातली एक होस्टपासून दूर ठेवावी आणि अधूनमधून एखादी प्रत नव्या मशीनमध्ये उघडून तिच्यात एसएफसी चालवून पाहावी. ही चाचणी करताना त्या मशीनचे नेटवर्क आधी तोडावे, कारण मूळ मशीन चालू असताना त्याच नावाचे आणि त्याच आयपी पत्त्याचे दुसरे मशीन जाळ्यात आले, तर दोन्हींच्या कामात गोंधळ होतो.