मैलावाहिनीची प्लॅस्टिक फिटिंग्ज

संडास-मोरीचे पाणी जमिनीखालून टाकीपर्यंत किंवा गटारापर्यंत नेणाऱ्या पीव्हीसी नळाला वळण, फाटा, जोड आणि सफाईचे तोंड देणारे साच्यातले भाग. बाजारात ते बेंड (वळण), टी आणि वाय (काटकोनी व तिरका फाटा), कपलर (सरळ जोड), रिड्युसर (व्यास बदलणारा जोड), ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा भाग) अशा नावांनी मिळतात. मैलावाहिनी तुंबते किंवा गळते ती बहुधा अशाच एखाद्या भागापाशी. सरळ पाइपात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. तरीही खरेदीच्या वेळी पाइप नावाजलेला घेऊन फिटिंगवर पैसे वाचवण्याची पद्धत सर्रास दिसते.

कोकणात या निवडीला दोन गोष्टींमुळे वेगळे वजन येते. बहुतेक गावांत भूमिगत गटारांचे जाळे नाही. घरटी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असतो, आणि त्याच परसात पिण्याच्या पाण्याची विहीरही असते. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा असे भारतीय मानक (आयएस २४७०) सांगते, पण पाखाडीलगतच्या (गावातल्या पायवाटेलगतच्या) अरुंद आगरात एवढे अंतर मिळणे अवघड असते. दुसरी गोष्ट पावसाची. वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. इथला जांभा दगड सच्छिद्र असल्याने त्यातून पाणी भरभर मुरते आणि भूजल वर येते. उन्हाळ्यात ज्या ढिल्या जोडातून मैला झिरपून विहिरीकडे जातो, त्याच जोडातून पावसाळ्यात जमिनीचे पाणी आत शिरते. मग टाकी वारंवार भरते आणि दोष टाकीच्या आकाराला दिला जातो.

दुकानात सारखे दिसणारे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. घराच्या भिंतीवरून उतरणारा करडा पाइप एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला, सांडपाणी व पावसाचे पाणी नेणाऱ्या वर्गातला (आयएस १३५९२) असतो. त्याचा ‘अ’ प्रकार पावसाच्या पाण्यासाठी व हवेच्या नळासाठी, ‘ब’ प्रकार मैल्यासाठी. जमिनीखालच्या कामासाठी आयएस १५३२८ हे मानक आहे. त्यात एसएन २, एसएन ४ आणि एसएन ८ असे वर्ग असून हा आकडा पाइपाचा ताठपणा, म्हणजे मातीच्या भाराखाली तो चपटा व्हायला किती विरोध करतो ते दाखवतो. गाडी जाणार असेल तिथे एसएन ८ घेणे शहाणपणाचे. तिसरा प्रकार शेतीच्या किंवा नळपाण्याच्या दाबाच्या पाइपाचा, आणि घोटाळा इथेच होतो. त्याचा एल्बो (वळणाचा भाग) दाब सोसतो, पण कोपरा आखूड व काटकोनी असतो. पंपाचे पाणी त्यातून सहज जाते. केवळ उतारावर वाहणारा मैला मात्र तिथे अडतो.

मैलावाहिनीच्या बेंडचा कोन ९० नसून बहुधा ८७.५ अंशांचा असतो, कारण उभ्या नळातून आडव्यात येताना थोडा ढाळ आपोआप मिळावा. तरीही वरच्या मजल्यावरून येणारा नळ जमिनीत वळतो तिथे एका बेंडपेक्षा ४५ अंशांचे दोन बेंड लावणे चांगले. आडव्या वाहिनीला फाटा जोडायचा तर वाय घ्यावा, आणि त्याचा कल पाण्याच्या दिशेने ठेवावा. आडवा पाडलेला साधा टी सांडपाण्याला समोरच्या भिंतीवर आपटतो, घन भाग मागे राहतो. रिड्युसर लहान व्यासाकडून मोठ्याकडे जाताना वापरायचा, उलट कधीच नाही. झाकणाचे डोअर बेंड आणि डोअर टी थोडे महाग पडतात, पण वळणावर चेंबर (तपासणीचा लहान हौद) बांधायचा नसेल तर त्यांना पर्याय नाही. झाकण वर यावे आणि त्यावर फरशी बसू नये, एवढे गवंड्याला आधी सांगावे लागते.

जोड दोन तऱ्हांनी होतो : सोल्युशन (पीव्हीसी चिकटवण्याचे द्रावण) लावून चिकटवलेला, किंवा रबरी रिंगचा. जमिनीखाली, विशेषतः कोकणात, रिंगचा जोड सरस. सोल्युशनला कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. ओल्या चरात ते धड धरत नाही. शिवाय इथली खोदाई बहुधा पावसाळ्यापूर्वी उरकतात. मेच्या उन्हात तापलेला पाइप जूनमध्ये थंड मातीत आखडतो. सहा मीटरचा पाइप २० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिलिमीटर आक्रसतो. चिकटवलेल्या जोडावर ती ओढ पडते, रिंगच्या जोडात ती जिरते. म्हणूनच पाइप पूर्ण आत ढकलून मग सुमारे १० मिलिमीटर मागे घेतात. कापलेले टोक कानशीने तिरके घासावे, नाहीतर रिंग खोबणीतून उलटते. वंगण म्हणून साबणाचे पाणी चालते. ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबर खराब करते.

ढाळ चार इंची (११० मिमी) पाइपाला साधारण ६० फुटांत एक फूट, सहा इंचीला (१६० मिमी) शंभर फुटांत एक फूट पुरतो. लेव्हल ट्यूब (पातळी पाहण्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून तो मोजावा; नजरेचा अंदाज कातळावर हमखास चुकतो, कारण जांभ्यात खणलेल्या चराचा तळ कधीच सपाट नसतो. दगडाच्या वर आलेल्या टोकावर पाइप टेकला तर तिथेच चेपतो. त्यामुळे खाली १०० मिलिमीटर बारीक कच किंवा वाळू पसरतात, आणि फिटिंगचा फुगीर भाग बसेल तिथे ती थोडी उकरतात. चिऱ्याचे तुकडे परत चरात ढकलणे हा सर्वांत नेहमीचा हलगर्जीपणा आहे. खाडीकाठच्या खाजणात (खाऱ्या दलदलीत) आणि पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) प्रश्न उलटा असतो : चरात पाणी भरले की रिकामा पाइप तरंगतो. चार इंची पाइप मीटरमागे साडेनऊ किलो पाणी बाजूला सारतो आणि स्वतः जेमतेम दीड किलो भरतो. माती लगेच भरून दाबली नाही तर ढाळ उलटतो.

खारी हवा व खारट भूजल यांनी बिडाचा नळ गंजतो, पीव्हीसीला त्याची बाधा नाही. ऊन मात्र त्याला सोसत नाही. जमिनीखालच्या कामाचे विटकरी रंगाचे पाइप महिनोन्महिने उघड्यावर ठेवले तर ठिसूळ होतात. झावळ्यांच्या झापाखाली ठेवणे हा इथला सोपा उपाय.

चिरेबंदी चेंबरमध्ये पाइप शिरतो ती जागा कमजोर असते, कारण गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंटचा माल धरत नाही आणि पावसाळ्यात त्या फटीतून पाणी आत येते. पाइपाच्या त्या भागावर सोल्युशन लावून ते ओले असतानाच कोरडी वाळू चिकटवतात, मग माल भरतात. माड, पोफळी यांची मुळे ओलावा शोधत अशाच फटींत घुसतात, म्हणून झाडालगत जोड न येईल अशी पाइपाची लांबी ठरवावी.

माती टाकण्याआधी खालचे तोंड बंद करून वाहिनी पाण्याने भरावी आणि पातळी उतरते का ते पाहावे. २००५ आणि २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचे पाणी शिरलेल्या चिपळूणसारख्या सखल भागात टाकीपूर्वी एकदिशा झडपही बसवावी लागते. पुराचे पाणी टाकीत भरले की ते संडासाच्या भांड्यातून घरात येते. झडपेच्या पडद्याखाली चिंधी किंवा केस अडकले तर ती मिटत नाही, त्यामुळे ती चेंबरमध्येच, हाताने उघडता येईल अशी बसवतात आणि दर मेमध्ये साफ करतात.