क्लासिक स्पोर्ट्स कार : देखभाल, दुरुस्ती व सुटे भाग

उत्पादन कधीच थांबलेली, पण संग्रहालयात न ठेवता चालती ठेवलेली वेगवान, बहुधा दोन आसनी मोटार म्हणजे क्लासिक स्पोर्ट्स कार. ‘क्लासिक’ केव्हापासून म्हणायचे यावर एकमत नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ (स्थापना १९६६) ‘ऐतिहासिक’ वाहनाला किमान ३० वर्षांची अट घालतो. एमजीबी (१९६२–८०), जॅग्वार ई-टाइप (१९६१–७४), डॅटसन २४०झेड आणि पोर्श ९११ची १९९८पर्यंतची, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची मॉडेल्स ही ठळक उदाहरणे. यांतली कोणतीही गाडी पन्नास वर्षे चालावी म्हणून बनवलेली नव्हती. ती चालवायची तर काय करावे लागते, हा या नोंदीचा विषय.

इंजिन हीच सर्वांत मोठी डोकेदुखी, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात इंजिनाचे बहुतेक दुखणे कुशल टर्नर लेथवर निस्तरतो. मालकाला मेटाकुटीला आणतात ते पत्रा, काच, रबर आणि दिव्यांची झाकणे.

देखभाल : जपून ठेवलेली गाडी चालवलेल्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात आणि त्यांतला पिस्टन अडकतो. म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. सिलिकॉनचे डॉट ५ (‘डॉट’ हे ब्रेक ऑइलच्या प्रतीचे मानक) ऑइल पाणी शोषत नाही, पण ते डॉट ३ किंवा ४मध्ये मिसळून चालत नाही. उभ्या गाडीत पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची जेट, म्हणजे पेट्रोलचे बारीक छिद्र, बुजवते, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते, ऑइल सील सुकतात. नुसते इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद करणे हा उपाय नव्हे, उलट अपायच. सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी त्याला आतून खाते. गाडी ऑइल पुरते तापेपर्यंत रस्त्यावर फिरवावी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा. २०००पासून त्यात उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. तीनच आकडे दिसले तर तो टायर त्याहून जुना आहे, आणि मग तो बदलण्यावाचून विचार करण्यासारखे काही उरत नाही.

नित्याचे काम म्हणजे पॉइंटमधली (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या स्पर्शकांमधली) फट, इग्निशन टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट आणि कार्ब्युरेटरचा समतोल, याच क्रमाने. टॅपेट व टायमिंग न तपासता कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसणे ही सर्रास होणारी चूक आहे. एमजीबीच्या एसयू बनावटीच्या दोन कार्ब्युरेटरांच्या डोक्यावरील नळ्यांत थोडे पातळ तेल घालावे लागते. ते संपले की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि दोष भलत्याच भागाला दिला जातो. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांना जस्त-फॉस्फरसयुक्त पदार्थ पुरेसा असलेले ऑइल लागते. नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी तो कमी केलेला असतो. त्यामुळे महागातले सिंथेटिक ऑइल म्हणजे उत्तम ऑइल, हे गणित येथे जुळत नाही.

इंधनाचा प्रश्न दुहेरी आहे. शिसेयुक्त पेट्रोल जगभरातील मोटारींसाठी २०२१मध्ये पूर्ण बंद झाले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो त्या कडेला, संरक्षण देत असे. ते नसताना बिडाच्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागात) व्हॉल्व्ह हळूहळू रुतत जातो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका मुळातच बसवलेल्या असल्याने ही अडचण फारशी येत नाही. बिडाचे हेड मात्र केवळ यासाठी घाईने उतरवू नये. दर वेळी टॅपेटची फट लिहून ठेवावी आणि हेड कधीतरी उतरेल तेव्हा नव्या बैठका बसवून घ्याव्यात. दुसरा प्रश्न इथेनॉलचा. ते जुन्या रबरी नळ्या फुगवते किंवा तडकवते आणि पाणी ओढते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेणे हा स्वस्त आणि आग टाळणारा खर्च आहे.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या विद्युत सामानाची टिंगल प्रसिद्ध आहे. लूकस कंपनीला शौकिनांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ असे नाव दिले. विनोद चांगला, निदान मात्र चुकीचे. बहुतेक वेळा दोष दिव्यात किंवा स्विचात नसून गंजलेल्या अर्थिंगच्या जोडणीत असतो. ती घासून साफ केली की अर्धा ‘अंधार’ जातो. एमजीबीत १९६७पर्यंत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. हे न पाहता नवे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले तर ते त्याच क्षणी जळते.

दुरुस्ती : खरी मोठी दुरुस्ती पत्र्याची. वेगळी चौकट (चासी) नसलेल्या, पक्के छप्पर नसलेल्या उघड्या गाडीत दाराखालची पेटीसारखी पोकळ पट्टी, म्हणजे सिल, बॉडीचा भार पेलते. गंजलेली सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड करून बॉडी जखडावी लागते. नाहीतर गाडी मधून वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. वरून पुट्टी लावून रंगवलेली सिल लोहचुंबकाने ओळखता येते, कारण पुट्टीला तो चिकटत नाही. पोर्शने १९७६च्या मॉडेलपासून ९११ची बॉडी जस्तलेपित पत्र्याची केली, त्यामुळे त्याआधीची गाडी पाहताना नजर अधिक कडक हवी. लोटस एलानची बॉडी फायबर ग्लासची असल्याने ती गंजत नाही, पण खालचा पोलादी कणा गंजतो, तोही नजरेआड.

नटबोल्टांची भानगड वेगळीच. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्याचा कोन ५५ अंश, नंतरच्या युनिफाइड (इंची) आणि मेट्रिक पद्धतींचा ६० अंश. चुकीचा बोल्ट दोन वेढे सहज जातो आणि तिसऱ्याला आटे खातो. हाताने न फिरणाऱ्या बोल्टला पाना लावायचा नाही.

सुटे भाग : छोटे कारखाने स्वतः दिवे-आरसे घडवत नसत, ते साध्या गाड्यांचे घेत. लोटस एस्प्रीच्या पहिल्या मालिकेला फिअ‍ॅट एक्स१/९चे मागचे दिवे होते. जॅग्वार एक्सजे२२०चे आरसे सित्रोएं सीएक्सचे, तर लॅम्बोर्गिनी डियाब्लोच्या उत्तरकालीन गाड्यांचे पुढचे दिवे निसान ३००झेडएक्सचे. ही नाती ठाऊक असणारा मालक तोच भाग कितीतरी कमी पैशांत मिळवतो. उलट, खास त्या गाडीसाठीच बनलेली चकाकती पट्टी नसेल तर ती कुठेच नसते.

ज्या गाड्या मोठ्या संख्येने बनल्या त्यांची स्थिती बरी. एमजीबीची नवी कोरी बॉडी मूळ साच्यांवर १९८८पासून पुन्हा मिळू लागली. निसानने स्कायलाइन जीटी-आरच्या आर३२ मॉडेलचे भाग २०१७पासून पुन्हा बनवायला घेतले. थोड्याच बनलेल्या गाड्यांसाठी पोर्शने त्रिमितीय छपाई वापरली. ९५९चा क्लचचा लिव्हर धातूच्या भुकटीतून लेझरने घडवला जातो.

भाग मागवताना वर्ष सांगून भागत नाही. बदल वर्षाच्या मध्येच होत, म्हणून चासी क्रमांक आणि पार्ट कॅटलॉगमधला क्रमांक दोन्ही द्यावेत. जुन्या साठ्यातील न वापरलेले भाग धातूचे असतील तर सोने, रबराचे असतील तर कचरा. चाळीस वर्षे डब्यात पडलेला सील बसवण्याआधीच कडक झालेला असतो. नव्याने बनवलेले भाग दिसायला हुबेहूब असतात, पण रबराचा दर्जा आणि डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागातला) फिरता रोटर यांबाबत सावध राहावे. नवा भाग बसून गाडी काही दिवस चालेपर्यंत जुना फेकू नये. तो नमुना म्हणून लागतो. गाडी विकताना मूळ क्रमांकाचे इंजिन आणि मूळ डायनॅमो जवळ असणेही फायद्याचे, म्हणून सुधारणा करायच्या त्या उलटवता येतील अशाच कराव्यात.

काचेला यांतले काहीच लागू पडत नाही. वाकड्या पुढच्या काचेसाठी साचा लागतो आणि एकेक काच करून देणे कारखान्याला परवडत नाही. मालकांचे क्लब आगाऊ मागण्या गोळा करून एक तुकडी करून घेतात. ती संपली की पुढची केव्हा निघेल याचा नेम नसतो, म्हणून जाणते मालक काच शाबूत असतानाच दुसरी घेऊन ठेवतात.