दोन बाळंतपणांतील अंतर: 24 महिने ठरले कसे?

वरचं मूल अंगावर पीत असताना आईला पुन्हा दिवस गेले की त्या मुलाची आबाळ होते, हे जुन्या बायकांना ठाऊक होतं. वैद्यकात याची ठळक नोंद 1930 च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये झाली. पाठचं भावंड आल्यावर दुधावरून तुटलेल्या मुलांचं ‘क्वाशिओरकोर’ हे कुपोषण तिथे नोंदलं गेलं.

भारतात लूप, म्हणजे गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन, 1965 मध्ये आला, निरोध 1968 मध्ये. दोन्ही साधनं पाळणा लांबवणारी, तरी सरकारी उद्दिष्टं नसबंदीचीच राहिली. आणीबाणीनंतर पुरुष मागे सरले आणि ऑपरेशन बायकांच्या वाट्याला आलं.

अंतर किती असावं यावरचा खरा वाद 2005 मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या बैठकीत झाला. तोवर ‘दोन वर्षं’ हा सल्ला रूढ होता, तर नवे अभ्यास तीन ते पाच वर्षं सुचवत होते. शिवाय कुणी बाळंतपण ते बाळंतपण मोजत होतं, कुणी बाळंतपण ते पुढचा गर्भ. या दोन मोजण्यांत नऊ महिन्यांचा फरक पडतो. अखेर ठरलं की बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहीपर्यंत किमान 24 महिने जावेत. म्हणजे दोन मुलांत जवळपास पावणेतीन वर्षं. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ आणि बाळाचा मृत्यू यांचा धोका 18 महिन्यांच्या आत पुन्हा गर्भ राहिल्यास स्पष्ट वाढलेला दिसत होता. त्यापुढचा पुरावा तितका पक्का नव्हता. तरी 24 निवडले, कारण दोन वर्षं अंगावर पाजण्याच्या सल्ल्याशी ते जुळत होते आणि गावपातळीवर सांगायला सोपे होते. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता.

त्याच बैठकीतला, गर्भपातानंतर सहा महिने थांबण्याचा सल्ला मात्र प्रामुख्याने लॅटिन अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासावर उभा होता. स्कॉटलंडमधील 2010 च्या अभ्यासात, पहिला गर्भ आपोआप पडल्यावर सहा महिन्यांतच पुन्हा दिवस गेलेल्या स्त्रियांचे परिणाम उलट चांगले दिसले. मूल गमावलेल्या बाईला विनाकारण थांबवणं योग्य नाही.

भारतात 2012 पासून पहिल्या मुलानंतर तीन वर्षांचं अंतर राखायला जोडप्याला मदत केल्यास आशाताईंना 500 रुपये मिळू लागले. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या 2017 मध्ये सरकारी दवाखान्यांत मोफत आल्या. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्क्यांची नसबंदी झालेली होती. तांबी वापरणाऱ्या 2.1 टक्के, गोळ्या घेणाऱ्या 5.1 टक्के.