येगर आणि हंटर: जर्मन आडनावाची दोन इंग्रजी रूपं

जर्मनमध्ये येगर म्हणजे शिकारी. हे आडनाव घेऊन अमेरिकेत गेलेली काही घरं तिथे हंटर झाली. काहींनी नाव तेच ठेवलं, फक्त स्पेलिंग बदललं. मूळ स्पेलिंग ‘जे’ने सुरू होतं आणि जर्मनमध्ये त्याचा उच्चार ‘य’ होतो. इंग्रजी वाचणारा त्याला ‘जेगर’ म्हणणार, म्हणून त्यांनी ‘वाय’ लावला. १९४७ साली ध्वनीपेक्षा जास्त वेगाने विमान उडवणाऱ्या चक येगरचं आडनाव असंच आलेलं.

दोन्हींना आपण सरसकट ‘नाव इंग्रजी केलं’ म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. हंटर हे भाषांतर आहे: अर्थ राहिला, आवाज गेला. ‘वाय’वालं येगर हा नुसता स्पेलिंगचा बदल: आवाज राहिला, पण इंग्रजी शब्दकोशात त्याचा अर्थ शोधून उपयोग नाही. राष्ट्राध्यक्ष हूवर यांचे पूर्वज हूबर होते. ‘हूब’ म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी शेतजमीन, आणि ती कसणारा तो हूबर. आयझेनहॉवर या नावात ‘आयझेन’ म्हणजे लोखंड आणि ‘हाउअर’ म्हणजे घाव घालणारा, तोडणारा. इंग्रजी स्पेलिंगमधून यातलं काहीच कळत नाही. आपल्या शिंद्यांचं इंग्रजीत ‘सिंदिया’ झालं तेही याच वाटेने.

सगळ्यात फसवं आडनाव म्युलर. म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. त्याचं मिलर झालं, तर ते भाषांतर की स्पेलिंग? दोन्ही. इंग्रजी आणि जर्मन या सख्ख्या बहिणी असल्याने अर्थ तोच आणि आवाजही जवळचा. श्मिट आणि स्मिथ, दोघेही लोहार, त्यांचंही तसंच. त्यामुळे अमेरिकेतला एखादा मिलर मूळचा जर्मन की इंग्रज, हे नुसत्या आडनावावरून सांगताच येत नाही. मला तरी या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

म्युलरचं तिसरं रूप पुण्या-मुंबईत रोज दिसतं. मॅक्स म्युलर भवनाच्या इंग्रजी पाटीवर ‘यू’नंतर एक ‘ई’ आहे. त्याचा वेगळा उच्चार करायचा नसतो. जर्मनमध्ये ‘यू’च्या डोक्यावर दोन टिंबं असतात आणि ती देता आली नाहीत तर पुढे ‘ई’ लिहायचा, हा जर्मन लेखनाचाच नियम. म्हणजे इथे नाव इंग्रजी झालेलंच नाही, फक्त टिंबं खाली उतरली.

काही नावं अर्धीच बदलली. १८५३ साली न्यूयॉर्कमध्ये पियानोचा कारखाना काढणारे श्टाइनवेग पुढे स्टाइनवे झाले. ‘श्टाइन’ म्हणजे दगड, तो तसाच राहिला. ‘वेग’ म्हणजे वाट, तिचा ‘वे’ झाला. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन जन्माने बॅटनबर्ग. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जर्मन नावांबद्दल राग इतका वाढला, की १९१७ मध्ये घराण्याने आडनावच बदललं. ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. त्याचं ‘माउंट’ केलं आणि शेवटचं पुढे आणलं. ‘बॅटन’ला कोणी हात लावला नाही.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे: न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होई तिथे, कारकुनांनी आडनावं बदलली. १८९२ मध्ये सुरू झालेल्या त्या ठाण्यावरचे अधिकारी जहाजाबरोबर आलेली यादी समोर ठेवून माणसं तपासत, आणि ती यादी हँबर्ग, ब्रेमेनसारख्या बंदरांत प्रवास सुरू होतानाच तयार होई. नावं बहुतेकदा लोकांनीच बदलली, तीही नंतर, शेजार, दुकान, शाळा बघून. त्यामुळे तेव्हा आलेल्या एखाद्या हंटर घराण्याचा माग काढायचा, तर जहाजाच्या यादीत ‘जे’खाली शोधावं लागतं.