कयाक घ्यावी की होडी? खाडीत आणि दर्यात गरवायला येणाऱ्यांसाठी

पावसाळा संपून समुद्र निवळला की आमच्या दारात माणसं येऊ लागतात. कुणी कोल्हापूर-बेळगावहून, कुणी पुण्याहून, कुणी मुंबईत नोकरी करणारे पण घर इकडेच असलेले. रॉड-रील सगळं घेतलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो : गरवायला (गळाने मासे पकडायला) कयाक (हाताने नाहीतर पायाने चालवायची अरुंद नाव) घेऊ की इंजिनाची छोटी होडी? आम्ही दोन्ही विकतो आणि दोन्ही भाड्यानेही देतो. त्यामुळे तुम्ही काहीही घेतलंत तरी आमचं दुकान चालणारच आहे. पण चुकीची वस्तू घेऊन गेलेला माणूस दोन हंगामांत गरवणं सोडून देतो, आणि ते आमच्या मनाला खरंच लागतं. म्हणून हे पत्रक.

तुम्ही विचारलंत की आम्ही उलट विचारतो : गरवणार कुठे, आणि परत येणार कसे? पहिल्याचं उत्तर सगळे देतात. निवड मात्र दुसऱ्यावर ठरते.

आपलं पाणी आधी समजून घ्या

आमचं देवबाग म्हणजे मालवणजवळची जमिनीची एक चिंचोळी जीभ. पश्चिमेला दर्या, पूर्वेला कर्लीची खाडी, आणि दक्षिणेच्या टोकाला दोन्ही पाणी एक होतं. घराच्या पुढच्या दारातून समुद्र आणि मागच्या दारातून खाडी, अशी घरं इथे आहेत. दोन्ही पाण्यांत चालण्याएवढंच अंतर, पण स्वभाव पूर्ण वेगळा.

खाडीत वर नेरूरपारच्या बाजूला गेलात की कांदळवनाच्या कडेने अरुंद फाटे आत शिरतात. तिथे तांबोशी, चोनक (रायगडकडे यालाच जिताडा म्हणतात), कालुंदर, शेंगटी. खाडीच्या मुखाच्या बाहेर, भोगवे गावाच्या पुढे निवतीच्या खडकांकडे गेलात की इसवण (सुरमई), कोकर, टोकी. खाडीतला मासा आडोशाला बसून असतो, त्याच्याजवळ गुपचूप जावं लागतं. बाहेरचा मासा फिरता, त्याच्यामागे जावं लागतं. अर्धा निर्णय इथेच झाला.

खाडीत कयाकच का

गरवायची कयाक म्हणजे पर्यटकांना फिरवतात ती हलकी रंगीत कयाक नव्हे. ही दहा ते तेरा फूट लांब आणि तीस ते छत्तीस इंच रुंद असते. बसायला उंच खुर्ची, रॉड खोचायला जागा. आपण आत नाही, वर बसतो, आणि अंगावर आलेलं पाणी तळातल्या भोकांतून आपोआप खाली जातं. दोघांनी धरली की उचलली जाते. पाण्यात वीतभरही बुडत नाही. याचा अर्थ अर्ध्या भरतीलाच तुम्ही त्या फाट्यांत शिरू शकता, जिथे इंजिनाचा पंखा चिखलात रुततो किंवा कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) कडांवर खरवडतो.

आवाज ही दुसरी गोष्ट. आमच्यातला एक जण गेल्या माघात पहाटे फाट्यात शिरला होता. पाणी आरशासारखं. कांदळाच्या मुळांपासून दोन हातांवर बोय माशांचा थवा उडाला, म्हणजे खाली कुणीतरी होतं. त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, कयाक आपोआप सरकत राहिली, आणि लूर (खोटं आमिष) मुळांच्या तोंडाशी पडताच काठी वाकली. तांबोशीची पहिली धाव नेहमी मुळांकडे. एकदा आत शिरली की दोरी कापलीच म्हणून समजा. आणि इथे कयाकची एक अडचण कळते : तुम्ही मासा ओढत नाही, मासा तुम्हाला ओढतो. कयाकचं नाक वळलं आणि आमचा माणूस कयाकसकट कांदळात जाऊन अडकला. एका हाताने काठी, दुसऱ्याने मूळ धरून पाय बाहेर टेकले तेव्हा कुठे मासा मोकळ्या पाण्यात आला. सव्वा किलोची तांबोशी होती आणि त्याने ती परत सोडली. तांबोशी खाडीत वाढते आणि मोठी झाल्यावर बाहेरच्या खडकांवर जाऊन अंडी घालते. एवढ्या लहानीला घरी आणलं तर पुढच्या वर्षीचा फाटा रिकामा. आमच्याकडून काहीही घ्या, पण लहान मासा सोडा.

म्हणूनच खाडीत पायाने चालवायची, म्हणजे पेडलची कयाक आम्ही सुचवतो. हात मोकळे राहतात आणि मासा लागल्यावर मागे पेडल मारून मुळांपासून दूर होता येतं. मात्र पेडलचा पंखा खाली लोंबतो, उथळात तो वर घ्यावा लागतो. मागे जाता येतं की नाही हे विकत घेण्याआधी विचारा, सगळ्या पेडलना ते जमत नाही.

एक इशारा ठळक लिहितो. वाहत्या पाण्यात कयाकचा नांगर कुशीला कधीही बांधू नका. नाकाला किंवा शेपटीलाच बांधा. कुशीला बांधलेली कयाक ओढ आला की आडवी होते, पाणी वरून चढतं आणि ती उलटते. बघता बघता हे होतं, सावरायला वेळ मिळत नाही.

आणि चिपळूणकडच्या मंडळींसाठी : वाशिष्ठीत मगरी आहेत. तिथे पाय पाण्यात सोडून गरवायची सवय कामाची नाही. तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय कयाक उतरवू नका.

मुखाच्या बाहेर होडी

बाहेर जायचं असेल तर आमचं उत्तर सरळ आहे : होडी, आणि सोबत दुसरा माणूस. सोळा ते अठरा फुटांची फायबरची होडी आणि साधारण दहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, एवढ्यात दोघा-तिघांचं गरवणं छान होतं. उभं राहता येतं, बर्फाची पेटी मावते, मुलाला बरोबर नेता येतं. इसवण मोठी आली तर ठेवायला जागा असते. कयाकमध्ये ती मांडीवर घेऊन यावी लागते, आणि तिचे दात काय चीज आहे ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

आता वारा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो. त्यात सुकती (ओहोटी) असेल तर कर्लीचं सगळं पाणी मुखातून बाहेर धावतं. कयाकमध्ये बसलेल्याला वाटतं, वा, काय सहज चाललोय. ते तुमचं वल्हवणं नव्हे, तुम्हाला बाहेर नेलं जातंय. दुपारी खारा वारा उलट फिरला आणि सुकती अजून चालू असली की मुखावर पाणी उभं राहतं. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारी लाट एकमेकांवर आपटतात. चांगला वल्हवणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो, तेही दमलेला नसेल तर. उधाणाच्या सुकतीला मुखावरचा ओढ त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. आमच्याकडचे जुने मच्छीमार एकच विचारतात, "जातलास खरो, पण येतलास कसो?"

भरतीचा अंदाज घरबसल्या येतो. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, ढोबळमानाने भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा मालवणकडे पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. मुंबईत ते चार मीटरच्याही वर जातं, म्हणजे इकडची सवय तिकडे चालत नाही आणि तिकडची इकडे. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार थोडा, तेव्हा ओढ कमी. नवख्याने पहिल्या चार फेऱ्या भांगालाच कराव्यात आणि खाडीतही चढत्या भरतीला वर जाऊन सुकतीबरोबर खाली यावं. परतीला पाणी आपल्या बाजूचं हवं. मात्र फाट्यात सुकती लागली की लगेच निघा. पाणी उतरल्यावर राहतो तो चिखल, आणि त्यात गुडघ्याच्या वर रुतलेल्या माणसाला कयाक सोडून चालत येता येत नाही. सहा तास डासांत काढावे लागतात.

होडीवरही विसंबून राहू नका. काही वर्षांपूर्वी आमचीच होडी भोगव्यासमोर बंद पडली. पेट्रोलमध्ये पाणी होतं. टाकी भरताना गाळणी लावायची राहिली होती, दोष सर्वस्वी आमचा. होडीत वल्ही होती म्हणून आम्ही दोघं दीड तासात किनाऱ्याला लागलो. तेव्हापासून वल्ही, नांगर आणि पुरेशी दोरी चढवल्याशिवाय आम्ही होडी देत नाही. घाई आहे म्हणून कुणी वाद घातला तरी देत नाही.

घरी आणल्यावर

हा भाग गिऱ्हाईक विचारत नाही आणि नंतर त्यावरच अडतो. कयाक गाडीच्या टपावर जाते, नळाखाली धुतली की झालं. फक्त उन्हात ठेवू नका आणि तापलेली असताना टपावर आवळून बांधू नका, प्लास्टिकचा तळ दबतो. होडीला जागा लागते, ओढायला ट्रेलर नाहीतर पाच-सहा माणसं लागतात. इंजिन दर फेरीनंतर गोड्या पाण्यावर चालवून धुवावं लागतं, नाहीतर आत मीठ धरतं. दहा हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला सुमारे चार लिटर पेट्रोल पितं. वर्षात आठ-दहा वेळाच येणाऱ्याला आम्ही होडी विकत घेऊ देत नाही, भाड्यानेच घ्या म्हणतो. खाऱ्या हवेत नुसतं उभं राहिलेलं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर खराब होतं.

इंजिन लागलं की कागदही लागतात : होडीची नोंदणी, आणि मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्या काळात आम्ही इंजिन देत नाही. पावसाळ्यात कयाकही देत नाही. कायदा काहीही म्हणो, पुराच्या पाण्यात झाडांचे ओंडके वाहत येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतं, तिकडे गरवायचा बेत असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा.

आणि जाळी. पाण्यावर बुये (जाळ्याच्या खुणेचे तरंगते गोळे) दिसले की लांबून वळा. इंजिनाच्या पंख्याने फाटलेलं जाळं म्हणजे एखाद्या घराचे कितीतरी दिवस. किनाऱ्याला रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर ती ओढून होईपर्यंत थांबा, हवं तर दोरीला हात लावा. आपण हौसेने येतो, त्यांचं पोट त्यावर आहे.

घेण्याआधी आमच्याकडे या

पैसे देण्याआधी एक सकाळ आमच्याबरोबर काढा. कंबरभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटवायला लावू. लाइफ जॅकेट अंगात असेल. उलटी कयाक सरळ करायची, पोटावर आडवं पडून वर सरकायचं, मग वळून बसायचं. पहिल्यांदा बहुतेक जण दुसऱ्या बाजूने पाण्यात पडतात, तिसऱ्या-चौथ्या वेळी जमतं. ज्याला जमत नाही त्याला आम्ही कयाक विकत नाही, होडीत बसवतो. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांनी तासभर खुर्चीत बसूनही पाहावं. कयाकमधून मध्येच उठून पाय मोकळे करता येत नाहीत.

त्यानंतर त्याच दिवशी होडीतून मुखापर्यंत नेऊ, बाहेर नाही. पाणी कुठे उभं राहतं ते डोळ्यांनी बघून घ्या.

येताना पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, पायांत पट्ट्याच्या चपला (कालवांनी तळवे कापतात), पिण्याचं पाणी आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणा. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधीच टाकून ठेवा. लाइफ जॅकेट आणि शिट्टी आम्ही देऊ. निघण्याच्या आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तिथी बघून वेळ सांगता येईल. बहुतेकदा पहाटे साडेपाच असते.