कंसातला हशा

जुन्या मराठी भाषणसंग्रहांत वाक्य संपता संपता कंसात एक शब्द येतो: (हशा). कधी (टाळ्या), आणि वक्ता रंगात आलेला असेल तर (प्रचंड टाळ्या). वाचताना आपण त्यावरून सरळ पुढे जातो. पण हा शब्द लिहिला कोणी? वक्त्याने नक्कीच नाही. समोर बसून भराभर लिहून घेणाऱ्या लघुलेखकाने तो घातला. मग किती जण हसले म्हणजे 'हशा' धरायचा? दोघेच खुदकन हसले तर? मागच्या बाकावरचा एखादा कुत्सित हसला तर तेही लिहायचं का?

युरोपातल्या संसदांचा इतिहास लिहिणाऱ्यांना या कंसांनी बराच छळ दिला आहे. जर्मन राइशस्टागच्या इतिवृत्तात कंसांची नुसती रेलचेल: (अगदी बरोबर! डावीकडून), (उजवीकडे हशा), (जोरदार अनुमोदन). कुठल्या बाकांवरून आवाज आला तेसुद्धा टिपलेलं. १८६७ ते १९४२ पर्यंतची ही इतिवृत्तं म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली आहेत. आता लंडनच्या संसदेचं इतिवृत्त, म्हणजे हॅन्सार्ड, उघडा. तिथे 'हिअर, हिअर'चा गजर रोजचा, पण छापताना तो बहुतेक गाळलेला. दोन्ही नुसती मोजत बसलात तर जर्मन खासदार दिलखुलास आणि इंग्रज खासदार तोंड शिवून बसणारे, असा निष्कर्ष निघेल. खरा फरक खासदारांत नाही, लघुलेखकांच्या सवयीत आहे. (आपल्या लोकसभेच्या हिंदी इतिवृत्तातला 'व्यवधान' हा शब्द आठवा. त्या एका शब्दाखाली काय काय झाकलेलं असतं!)

एकाच देशाची दप्तरं वाचणाऱ्याला ही सवय दिसत नाही. ती दिसायला शेजारच्या घरातलं दप्तर उघडावं लागतं. युरोपभरचे अभ्यासक या विषयात एकत्र का येतात, याचं मूळ मला वाटतं इथेच आहे.

हॅन्सार्डचं उदाहरण आपल्याही जवळचं आहे. १८०३ मध्ये विल्यम कॉबेट या पत्रकाराने संसदेतल्या चर्चा छापायला सुरुवात केली आणि पुढे तो उद्योग मुद्रक टॉमस हॅन्सार्डकडे गेला. म्हणजे नाव छापखान्याचं. संसदेने स्वतःचे वार्ताहर नेमून अधिकृत, शब्दशः इतिवृत्त सुरू केलं ते १९०९ साली. तोवरचा मजकूर बऱ्याच अंशी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून जुळवलेला, आणि साध्या सदस्याचं भाषण पुष्कळदा 'ते म्हणाले की' अशा थाटात आटोपलेलं. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या पाच मतांनी निवडून आले आणि लंडनच्या थट्टेखोरांनी त्यांचं नाव 'नॅरो मेजॉरिटी' करून टाकलं. मुंबईत वाढलेल्या या माणसाची तिथली भाषणं आज घरबसल्या वाचता येतात. वाचताना एवढं ध्यानात ठेवायचं की आपण पुष्कळदा दादाभाईंना ऐकत नसतो. त्यांचं ऐकून कोणी काय उतरवलं, ते वाचत असतो.

पण या सगळ्यावर कडी केली व्हिएन्नाने.

ऑस्ट्रियन साम्राज्याची संसद, राइशस्राट, १८६१ मध्ये सुरू झाली. १८८३ पासून ती रिंगस्ट्रासवरच्या, ग्रीक देवळासारखे खांब असलेल्या भव्य इमारतीत भरू लागली. सदस्य येत ते प्रागहून, क्राकोहून, ल्विव्हहून, ल्युब्लियानाहून, त्रिएस्तहून. जर्मन, चेक, पोलिश, युक्रेनी, स्लोव्हेन, सर्बो-क्रोएशियन, इटालियन, रोमानियन अशा आठ भाषा. ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलावं, मनाई नाही. फक्त दुभाषा नाही! एक जण युक्रेनीत तावातावाने बोलतोय आणि सभापतींना अक्षर कळत नाही, असा देखावा. वक्ता विषय सोडून भरकटला का, हे ठरवायचं तरी कसं? सभागृह अडवून धरायचं असेल तर याहून सोयीचं हत्यार नव्हतं, आणि सदस्यांनी ते मनसोक्त वापरलं.

१८९७ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान बादेनी यांनी फर्मान काढलं की बोहेमियातल्या सरकारी अधिकाऱ्यांना चेक आणि जर्मन दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. चेक अधिकाऱ्याला जर्मन येतच असे. पंचाईत झाली ती जर्मनांची. त्यांच्या पक्षांनी संसद बंद पाडायचा चंग बांधला. खुद्द बादेनी एका जर्मन राष्ट्रवादी सदस्याशी पिस्तुलांचं द्वंद्व खेळले आणि हाताला गोळी लागून जखमी झाले. ऑक्टोबरच्या २८ तारखेच्या रात्री ओट्टो लेशर नावाचे सदस्य बोलायला उठले ते दुसऱ्या दिवशी सकाळीच बसले. सलग बारा तास! विषय हंगेरीशी असलेल्या आर्थिक कराराचा, आणि गंमत म्हणजे ते विषयाला धरूनच बोलले. त्या दिवसांत प्रेक्षकांच्या सज्जात एक अमेरिकन पाहुणा येऊन बसत असे, मार्क ट्वेन. त्याने या गोंधळाचं लांबलचक वर्णन मायदेशी पाठवलं. महिन्याभरात सभागृहात पोलीस शिरले, रस्त्यावर दंगे झाले आणि बादेनींना घरी जावं लागलं.

लेशर यांचे बारा तास इतिवृत्तात आहेत, कारण ते जर्मनमध्ये बोलले. लघुलेखकांची कामाची भाषा जर्मन होती. त्यांची गाबेल्सबर्गर पद्धतीची लघुलिपी मुळात जर्मन ध्वनींसाठी बेतलेली. चेकसारख्या भाषांसाठी तिची रूपांतरं पुढे झाली, पण राइशस्राटच्या दप्तरात त्यांना जागा नव्हती. इतर भाषेत कोणी बोललं की अमुक सदस्य चेकमध्ये बोलत आहेत, अशा अर्थाची नोंद, आणि पुढे भाषण नाही. सदस्याने स्वतः जर्मन तर्जुमा करून दिला तर तो छापायचा. हा नियम बदलला १९१७ मध्ये, तीन वर्षं बंद ठेवलेली संसद महायुद्धाच्या मध्यात पुन्हा उघडली तेव्हा. पुढच्या वर्षी साम्राज्यच संपलं.

आता हा इतिहास लिहायचा कोणी? व्हिएन्नातल्या अभ्यासकाच्या हाताशी अधिकृत इतिवृत्ताचे गठ्ठे आहेत आणि त्यात ठिकठिकाणी मुकी भोकं आहेत. ती भाषणं मेली मात्र नाहीत. सदस्याला मतदारांपुढे मिरवायचं असे, म्हणून भाषण गावाकडच्या वर्तमानपत्रात छापून येई: प्रागच्या 'नारोद्नी लिस्ती'त, ल्युब्लियानाच्या 'स्लोव्हेन्स्की नारोद'मध्ये, ल्विव्हच्या 'दिलो'त. त्या साम्राज्याचे तुकडे आज किमान आठ देशांत विखुरले आहेत. तेव्हा व्हिएन्नाच्या संसदेचा इतिहास व्हिएन्नात बसून पुरा होत नाही. चेक, पोलिश, स्लोव्हेन, युक्रेनी वाचणारी माणसं सोबत लागतात.

अशा सोबतीची औपचारिक सुरुवात जुनी आहे. प्रातिनिधिक आणि संसदीय संस्थांच्या इतिहासासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग १९३६ मध्ये स्थापन झाला. साल बघा. जर्मनीची संसद हिटलरने नामधारी करून तीन वर्षं झाली होती. ऑस्ट्रियाची संसद त्याच १९३३ च्या ४ मार्चला एका क्षुल्लक घोळात कोसळली होती: रेल्वेच्या संपावरचं मतदान, एकाच नावाच्या निघालेल्या दोन मतपत्रिका, त्यावरून हमरीतुमरी, आणि सभापतीसह दोन्ही उपसभापतींचे एकामागोमाग राजीनामे. बैठक संपली असं जाहीर करायलाही कोणी उरलं नाही. चान्सलर डोल्फस यांनी संसदेने स्वतःलाच बाद केलं असं म्हणत पुन्हा बैठक भरू दिली नाही, दारात पोलीस उभे केले. अशा काळात ही इतिहासकार मंडळी मध्ययुगीन सभांचे कागद जुळवत बसली होती.

तिथेही वाद होतेच. बेल्जियमच्या लूव्हाँ विद्यापीठातले एमिल लूस म्हणत की जुन्या सभांना आजच्या संसदेची बाळरूपं समजू नका. त्या समाजातल्या श्रेणींच्या सभा होत्या: सरदारांची, धर्मगुरूंची, शहरांची. इंग्रज अभ्यासकांना हे पचणं अवघड होतं. त्यांची परंपरा आपल्या पार्लमेंटचा वंशवृक्ष मागे नेणारी. शिवाय श्रेणींवर उभारलेलं राज्य ही कल्पना तेव्हाच्या हुकूमशहांनाही लाडकी होती, त्यामुळे या सिद्धांताकडे संशयाने पाहणारे कमी नव्हते. महायुद्धानंतर या आयोगाचं अध्यक्षपद हेलन कॅम यांच्याकडे आलं. मध्ययुगीन इंग्लंडच्या या अभ्यासक १९४८ मध्ये हार्वर्डला प्राध्यापक म्हणून गेल्या होत्या. आयोग आजही चालू आहे, आणि त्याचं नियतकालिक १९८१ पासून निघतं.

'संसद' म्हणायचं कशाला, हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. पॅरिसचं 'पार्लमाँ' हे राज्यक्रांतीपूर्वी चक्क न्यायालय होतं. स्वीडनच्या रिक्सडागमध्ये १८६६ पर्यंत चार वेगळी सभागृहं, त्यातलं चौथं शेतकऱ्यांचं. आइसलँडचे लोक ९३० सालच्या आल्थिंगचा दाखला देतात. स्पेनमधल्या लेओनचे लोक ११८८ मध्ये राजा नववा आल्फोन्सो याने भरवलेल्या सभेचा देतात, आणि तिथल्या फर्मानांना २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत जागाही मिळाली. पहिला मान कोणाचा, यावर गावगप्पा रंगतात. अभ्यासकांना त्यात फारसा रस नाही. कोणत्या सभेत कोणाला बोलावलं जाई, आणि आलेल्याला 'नाही' म्हणता येई का, हे त्यांना तपासायचं असतं.

कागदच जळाले तर? लंडनमध्ये १८३४ च्या १६ ऑक्टोबरला जुन्या हिशेबाच्या खाचा पाडलेल्या लाकडी कांड्या भट्टीत जाळता जाळता वेस्टमिन्स्टरचा राजवाडा पेटला आणि हाउस ऑफ कॉमन्सचं बहुतेक जुनं दप्तर गेलं. लॉर्ड्सचे कागद बाजूच्या दगडी ज्युएल टॉवरमध्ये होते म्हणून वाचले. डब्लिनचं नशीब त्याहून वाईट. १९२२ च्या ३० जूनला यादवी युद्धात तिथलं सार्वजनिक दप्तर कार्यालय स्फोटात उडालं. सात शतकांचे आयरिश कागद, जुन्या आयरिश संसदेच्या नोंदींसह, राख झाले. जळके कपटे शहरभर उडत होते.

शंभर वर्षांनी, जून २०२२ मध्ये, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने ते दप्तर संगणकावर पुन्हा उभं राहू लागलं. युक्ती साधी आहे: राज्यकारभार दोन टोकांना चालतो, म्हणून डब्लिनच्या कागदाची नक्कल किंवा जोडपत्र लंडनला, बेलफास्टला, आणखी कुठे तरी असणारच. दूरदूरच्या ग्रंथालयांनी आपापली कपाटं धुंडाळली. जुनी हस्ताक्षरं वाचायला त्यांनी ट्रान्स्क्रिबस हे सॉफ्टवेअर घेतलं. माणसाने काही पानं वाचून दाखवायची, मग ते वळण ओळखून यंत्र पुढची पानं स्वतः वाचतं, चुकतं, दुरुस्तीतून सुधारतं. पेशवे दप्तरातले मोडीचे रुमाल ज्यांनी सोडले आहेत त्यांना याची किंमत सांगायला नको. इन्सब्रुकहून चालणारी ट्रान्स्क्रिबसची मालक संस्था कंपनी नसून रीतसर सहकारी संस्था आहे. ग्रंथालयं आणि विद्यापीठं तिची सभासद. साखर कारखान्यांच्या मुलखात हे वाचून जरा बरं वाटतं.

अलीकडच्या काळासाठी मोठं काम झालंय ते पार्लामिंट या प्रकल्पात. युट्रेख्टस्थित क्लॅरिन या भाषा-संशोधन संस्थेच्या छत्राखाली, ल्युब्लियानाचे टोमाझ एर्यावेत्स यांच्या पुढाकाराने, २९ देश आणि स्वायत्त प्रदेशांच्या संसदांतल्या चर्चा एकाच साच्यात बसवल्या गेल्या. बहुतेक चर्चा २०१५ नंतरच्या, शब्द शंभर कोटींहून जास्त. आइसलँडपासून तुर्कस्तानपर्यंत सगळ्यांचं इंग्रजी यंत्रभाषांतरही सोबत.

साच्यात बसवणं म्हणजे नेमकं काय? प्रत्येक भाषणाला वक्त्याचा क्रमांक जोडायचा. त्या क्रमांकामागे वेगळी यादी: नाव, स्त्री की पुरुष, पक्ष, आणि त्या पक्षात कधीपासून कधीपर्यंत. ही तारीख फार महत्त्वाची, कारण पक्षांतर ही काही आपलीच मिरास नाही. पक्ष त्या दिवशी सरकारात होता की विरोधात, तेही. सभापती वेगळे दाखवायचे. नाही तर 'आपली वेळ संपली, खाली बसा' हेच दिवसभर म्हणणारी व्यक्ती सभागृहातली सर्वांत बोलकी ठरते, आणि ती स्त्री असेल तर स्त्रियांच्या सहभागाचा आकडा उगाच फुगतो. शेवटी ते कंस. (हशा) भाषणाच्या मजकुरातून उचलून त्याला स्वतःची खूण द्यायची: हा आवाज, हा हावभाव, ही घटना. एकदा वेगळा काढला की वक्त्याच्या शब्दांत तो मोजला जात नाही.

लघुलेखकाने जे लिहिलंच नाही ते मात्र कुठल्याही खुणेने परत येत नाही. १८९७ च्या इतिवृत्तात लेशर यांचं बारा तासांचं भाषण पानोपानी आहे. त्याच इतिवृत्तात चेकमध्ये बोललेल्या सदस्याच्या नावापुढे एका ओळीची नोंद, पुढे कोरं. तिथवर आलं की व्हिएन्नातल्या माणसाला प्रागला पत्र टाकावं लागतं: दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र काढून बघता का, हे गृहस्थ काय बोलले ते?