खांदेरीची बत्ती: किल्ल्यातल्या दीपगृहाची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत समुद्रातल्या बेटावरचा खांदेरी आहे. अलिबागजवळच्या थळहून समुद्रात पाहिले की तटबंदीच्या आधी नजरेत भरतो तो मात्र अष्टकोनी मनोरा, आणि तो शिवकालीन नाही. तो १८६७ साली इंग्रजांनी बांधला.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतले तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आरमार पाठवून काम अडवण्याचा आटापिटा केला. महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या गलबतांपुढे त्यांची डाळ शिजली नाही. इंग्रजांच्या विरोधाचे कारण उघड होते: मुंबई बंदराच्या दक्षिणेकडच्या वाटेवर बसलेले हे बेट ज्याच्या हाती, त्याला येणारे-जाणारे प्रत्येक जहाज दिसणार. जवळपास दोनशे वर्षांनी इंग्रजांना तीच जागा हवी झाली, पण दिव्यासाठी.

त्या काळात मुंबईचा व्यापार फुगत चालला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७३ मध्ये बंदराचा कारभार पाहणारे पोर्ट ट्रस्ट आले. बंदराच्या तोंडाशी मात्र खडकांची रांग. कुलाब्याच्या टोकाला १७९९ पासून दिवा होता, तरी जहाजे खडकावर चढतच होती. म्हणून १८७५ मध्ये अभियंते थॉमस ऑर्मिस्टन यांनी कुलाब्यापुढच्या प्रॉन्ग्स नावाच्या खडकातच दीपगृह उभे केले. त्याला सहा लाखांहून अधिक रुपये लागले. खांदेरीचा दिवा त्याच्या आठ वर्षे आधीचा.

मनोरा उभा राहिला तरी दिवा रोज माणसांनाच चालवावा लागे. दीपगृह म्हटले की आपल्याला एकटा, दाढीवाला, समुद्राकडे टक लावून बसलेला म्हातारा आठवतो. प्रत्यक्षात हे काम कारखान्यातल्या पाळीसारखे. सूर्यास्ताला दिवा लागलाच पाहिजे, सूर्योदयापर्यंत विझता कामा नये आणि सगळ्याची नोंद वहीत झाली पाहिजे. जुन्या दिव्यांत तेल जळे (मद्रासच्या पहिल्या दिव्याला तर खोबरेल लागे), पुढे रॉकेल आले. तेल आले की काजळी आली. म्हणजे वात कातरा, काच पुसा, पितळ घासा. खाऱ्या वाऱ्यात पितळ एका रात्रीत काळवंडते, तेव्हा हा भाग न संपणारा.

खरी करामत भिंगाची. फ्रान्सचा शास्त्रज्ञ फ्रेनेल याने बनवलेले भिंग १८२३ मध्ये तिथल्याच कोर्दुआन दीपगृहात बसले. काचेच्या लोलकांची कडी एकावर एक रचून त्याने एका ज्योतीचा सगळा उजेड क्षितिजाच्या पट्टीत वळवला. भारतातल्या अनेक दीपगृहांत बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्स या काच कंपनीची भिंगे आली. दिवसा या भिंगाभोवती पडदे ओढून ठेवावे लागत. नाहीतर तेच भिंग उन्हाचा झोत आतल्या दिव्यावर एकवटून आग लावी.

ज्योत स्थिर असते, फिरते ते भिंग. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखे यंत्र, त्याला मनोऱ्याच्या पोकळीत सोडलेले जड वजन. वजन खाली सरकते, भिंग फिरते. वजन तळाला पोचण्याआधी रखवालदाराने चावी देऊन ते वर घ्यायचे, रात्रभर. किती सेकंदांनी किती लखलखाट, यावरूनच कप्तान ओळखतो की हा अमुक ठिकाणचा दिवा. यंत्र मंदावले तर उजेड तोच, पण पत्ता चुकीचा. हे न दिसणाऱ्या दिव्याहून वाईट. म्हणून यंत्र बिघडले तर हातात घड्याळ धरून भिंग हाताने फिरवण्याची वेळ येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंगे पाऱ्यावर तरंगू लागली आणि काही टनांचा डोलारा बोटाने ढकलता येऊ लागला. त्या पाऱ्याच्या वाफा रखवालदारांच्या वाट्याला आल्या, याचा उल्लेख मात्र कौतुकाच्या वर्णनांत क्वचितच येतो.

सुरुवातीला प्रांत आणि बंदरे आपापले दिवे सांभाळत. १९२७ च्या दीपगृह कायद्याने हा कारभार एका छत्राखाली आणला. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या हद्दीत एडनपासून रंगूनपर्यंत ३२ दीपगृहे होती. स्वातंत्र्यानंतर भारताच्या वाट्याला १७ आली. खर्च करदात्यांकडून नाही, तर बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या दीपशुल्कातून, ही पद्धत आजही टिकून आहे. विजेने वात काढून घेतली, मोटरने चावी, सौर पॅनेलने तेलाचे पिंप. २०२१ मध्ये नवा कायदा आला. त्याच्या नावात दीपगृह हा शब्द उरला नाही. ‘सागरी नौकानयन साहाय्य’ आले, कारण आता रेडिओ आणि उपग्रहावर चालणारी साधनेही त्याच खात्याकडे आहेत.

खांदेरीचे नाव १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे बेट झाले. थळच्या कोळ्यांना त्याने फरक पडला नाही. ते बेटावरच्या वेताळाला येतात तेव्हा खांदेरीच म्हणतात.